वैनी, पांढरी मुळी चालू हाय का?

आमच्या घरात सकाळी आधी लेट्यूसचा पीएच बघतात आणि मग नवऱ्याचा बीपी. फ्रिजच्या दारावर दोघांचे तक्ते शेजारी शेजारी चिकटवलेले आहेत. लेट्यूसचा आकडा साडेसहाच्या वर गेला की मी गॅसवरचा चहा सोडून गॅलरीत धावते, आणि यांचा दीडशेच्या वर गेला की बसल्या जागेवरून "पापड बंद" एवढंच म्हणते, अशी यांची तक्रार आहे. तक्रारीत खोटं काही नाही. पण लेट्यूस माझा डोळा चुकवून लोणच्याच्या बरणीत हात घालत नाही, हेही कुणीतरी लक्षात घ्यायला हवं.

आग लावली ती यांच्याच डॉक्टरांनी. "जेवणाआधी कच्चा पाला, एक मोठी वाटी," असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. आमच्याकडे कच्चा पाला म्हणजे मुळ्याचा, तोही दाण्याचं कूट आणि वरून चरचरीत फोडणी घालून. डॉक्टरांना दाखवण्यासारखा तो नव्हेच. मॉलमधल्या लेट्यूसच्या एका गड्ड्याची किंमत बघून हे म्हणाले, "एवढ्यात मेथीच्या किती जुड्या येतील!" आणि त्याच जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात आम्हाला पांढऱ्या पाइपांचा एक मांडव दिसला. पाइपांना भोकं, भोकांत हिरवागार लेट्यूस, आतून पाणी खळाळतंय. मांडवातला तरुण म्हणाला, "काकू, माती नाही, किडे नाहीत, कटकट नाही." तीनपैकी एक गोष्ट खरी निघाली. माती नाही.

लेट्यूस हे थंडीचं पीक, उन्हाळ्यात नाद करू नका, हेही त्यानेच बजावलं. म्हणजे पिकाला बराच अवकाश होता. तेवढ्यात आम्ही खत आणून ठेवलं. खाणारा अजून जन्माला आलेला नाही आणि त्याचा शिधा माळ्यावर, हा आमच्या घराण्याचा रिवाजच आहे. लेकीच्या बाळंतपणाचा डिंक आमच्याकडे तिच्या डोहाळजेवणाआधी आला होता.

मार्केट यार्डाच्या बाजूला एका कृषी सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलाने मोबाइलमधून मान न काढता विचारलं, "पीक?"

"लेट्यूस."

"क्षेत्र?"

"गॅलरी."

तेव्हा त्याने मान वर केली. "गुंठ्यात किती होईल?"

"सहा बाय तीन," हे म्हणाले, आणि मग प्रामाणिकपणे पुढे जोडलं, "फूट."

मुलगा भला होता. त्याने विद्राव्य खतांची नावं धडाधड म्हणून दाखवली. एकोणीस-एकोणीस-एकोणीस, बारा-एकसष्ट, तेरा-शून्य-पंचेचाळीस, शून्य-बावन्न-चौतीस. हे नत्र, स्फुरद आणि पालाशचे टक्के आहेत हे कळेपर्यंत यांना वाटत होतं की तो कुठल्यातरी कुलपाचा नंबर सांगतोय. थर्माकोलच्या खोक्यात, पाण्यात वाढवणार म्हटल्यावर त्याने एकोणीसचं पोतं बाजूला सारलं. त्यातलं बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं, ते पचवून मुळांना भरवणारे जिवाणू मातीत असतात, तुमच्या खोक्यात कुठले असणार, असं म्हणाला. शिवाय त्यात कॅल्शियम नाही. तेव्हा कॅल्शियम नायट्रेट वेगळं घ्या, बाकीचं मिश्रण वेगळं घ्या, आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी घ्या.

"कॅल्शियम किलोचं पाकीट देऊ की पंचवीसची गोणी?"

यांनी किलोमागचा भाव काढला. गोणी स्वस्त पडत होती. या माणसाने जन्मात महागातलं पाकीट घेतलेलं नाही. रिक्षावाल्याने गोणी आत सारता सारता विचारलं, "काका, गाव कुठलं?" यांनी अभिमानाने "कोथरूड" सांगितलं.

लिटरला साधारण एक ग्रॅम असा डोस होता. म्हणजे पंचवीस किलोत पंचवीस हजार लिटर पाणी तयार होतं. आमचा थर्माकोलचा खोका वीस लिटरचा. साडेबाराशे वेळा खोका भरायचा, की गोणी संपली. पण तेवढं आयुष्य मागावं लागलं नाही. कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळतं, हे जुलैत माळ्यावरून ठिबकायला लागलं तेव्हा कळलं. खाली सासूबाईंचा पलंग. "अरे, गळतंय रे," त्या म्हणाल्या. यांनी तडक सेक्रेटरींना पत्र लिहिलं की गच्चीचं वॉटरप्रूफिंग निकृष्ट दर्जाचं आहे. सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी गवंडी पाठवला. गवंडी गच्चीवर चढला, खाली आला, आणि मग त्याने माळा उघडला. त्या पत्राची प्रत सोसायटीच्या फायलीत आजही आहे आणि वार्षिक सभेत कुणाला ना कुणाला तिची आठवण येतेच.

बियांचं फार सांगत नाही. लेट्यूसचं बी गरम जागी झोपी जातं. तापमान तिशीच्या आसपास गेलं की उगवायचं नावच घेत नाही. पुण्याचा ऑक्टोबर म्हणजे दुपारी दुसरा उन्हाळाच. म्हणून मी ते ओल्या टिश्यूत गुंडाळून, डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. कामाच्या मावशींनी फ्रिज आवरला. "ताई, जिऱ्याला ओल लागली होती, टाकून दिलं," असं त्यांनी जाता जाता कळवलं. दुसऱ्या पुडीतलं मात्र उगवलं, आणि त्या दिवसापासून मी बदलले.

मुख्य कारण म्हणजे ते पेन. पाण्यातले क्षार मोजायचं पेन. याच पेनाने एकेकाळी पाण्याचं मशीन विकणाऱ्या माणसाने आमच्या ओट्यावर उभं राहून आम्हाला घाबरवलं होतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला पाचशे मिलिग्रॅमपर्यंत क्षार बरे, असं भारतीय मानक सांगतं. त्यापुढचं पाणी चालवून घ्यायचं ते दुसरं मिळत नसेल तर. आणि लेट्यूसला हवेत सहाशे ते आठशे! म्हणजे ओट्यावर एक मशीन पाण्यातले क्षार काढतंय आणि गॅलरीत मी चमच्याने ते परत घालतेय. हे म्हणाले, "मशीनमधून जे पाणी वाया जातं ते थेट लेट्यूसला लाव ना, हिशेब मिटेल." कल्पना वाईट नव्हती, पण त्या पाण्यात कोणता क्षार किती, हे पेन सांगत नाही. पेन फक्त बेरीज सांगतं. बँकेत आयुष्य गेल्यामुळे नुसत्या बेरजेवर विश्वास ठेवणाऱ्यांचं काय होतं हे मला चांगलं ठाऊक आहे.

तरी पेनाने मला चढलं हे खरं. पेन ज्यावरून क्षार मोजतं त्या पाण्याच्या वाहकतेला ईसी म्हणतात. जिन्यात कुणी भेटलं की मी "कशा आहात?"ला "ईसी जरा वर गेलाय" असं उत्तर देऊ लागले. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी तर हळू आवाजात विचारलं, "कार्डिओलॉजिस्टला दाखवलंत का?"

खताच्या दोन बाटल्या होत्या, अ आणि ब. अ मध्ये कॅल्शियम, ब मध्ये सल्फेट, फॉस्फेट वगैरे मंडळी. खोक्यातल्या भरपूर पाण्यात दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात. पण घट्ट द्रावणं एकमेकांना भेटली की कॅल्शियम सल्फेटला मिठी मारतं आणि दोघं मिळून तळाला बसतात. जिप्समच ते, ज्याचं छत करतात. मग झाडाला ना कॅल्शियम, ना गंधक. म्हणून दोन बाटल्या. मी माहेरी गेले होते तेव्हा कपाटात जागा व्हावी म्हणून यांनी दोन्ही एका बाटलीत ओतल्या. परत येऊन बघते तर नासलेल्या दुधासारखा प्रकार.

"अहो, हे काय केलंत?"

"अगं, पोटात जाऊन एकच होतं ना शेवटी?"

या वाक्यावर आमच्या घरात आजवर श्रीखंडावर ताक, बासुंदीवर मठ्ठा आणि गोळ्यांवर गोळ्या गेलेल्या आहेत. आतापर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

एवढ्यात तासगावहून यांचे चुलतभाऊ आले. भाऊजींची द्राक्षबाग आहे. माणूस कर्तबगार, त्यांचा बेदाणा आम्ही वर्षभर खातो. पण कोणत्याही झाडाकडे बघण्याची त्यांची दृष्टी एकच: खाली वाकून मूळ बघायचं. दारातल्या तुळशीपाशी वाकतात, हॉटेलातल्या मनी प्लांटपाशी वाकतात. आमच्याकडे चपला काढायच्या आधी गॅलरीत गेले, खोक्याचं झाकण उचललं आणि गंभीर झाले.

"वैनी, पांढरी मुळी दिसत न्हाई."

"आहे की थोडी."

"थोडी असून भागत न्हाई. पांढरी मुळी म्हंजे झाडाचं तोंड. तोंडच न्हाई तर खाणार कशानं?" आणि मग खिशातून मोबाइल काढून, "ह्युमिक सोडा. जोडीला सीवीड. मुळी कशी फुटंल बघा."

ह्युमिक ॲसिड, सीवीड, अमिनो. द्राक्षपट्ट्यात या मंडळाला एकच नाव आहे, टॉनिक. आणि टॉनिक म्हटल्यावर आमच्या पिढीचा विरोधच मावळतो. लहानपणी चमचाभर काळं कडू औषध नाक दाबून पाजलेलं आम्हा सगळ्यांना आठवतं; त्याने काय झालं ते आठवत नाही, पण ते पाजणाऱ्याचा चेहरा किती समाधानी असायचा हे आठवतं. भाऊजींच्या चेहऱ्यावर तेच समाधान होतं. त्यांनी एकराचा डोस खोक्यावर आणताना भागाकार मनात केला. पाणी काळंभोर झालं. पेन आठशेवरून अडीच हजारांवर गेलं.

"अडीच हजार!" मी ओरडले.

"मग! ताकद आली की पाण्यात."

दुसऱ्या दिवशी लेट्यूसने माना टाकल्या. वीस लिटर पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड आणि पानं सुकलेली, हे दृश्य फार अपमानास्पद असतं. बाहेर क्षार जास्त झाले की मुळांना पाणी ओढता येत नाही. समुद्रात होडीवर अडकलेल्या माणसाची जी गत तीच. भाऊजी तोवर तासगावला पोचले होते. फोनवर म्हणाले, "पाणी मारा साधं, उतरंल सगळं. आन् उतरलं की परत ह्युमिक सोडा."

ह्युमिकच्या नावाने मी बोटं मोडणार नाही. मातीत, योग्य मात्रेत ते मुळांना मानवतं. पण मुळांची मुख्य मागणी वेगळीच असते. मुळांना श्वास घ्यायचा असतो! वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तिशीला तो साडेसातवर येतो. म्हणजे पाणी तापलं की मुळांची भूक वाढते आणि नेमका तेव्हाच पुरवठा आटतो. मग पिथियम नावाची बुरशीसारखी पाहुणी येते, मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होतात, ओढलं तर वरची साल हातात येते आणि आत सुतळीचा धागा राहतो. हे सगळं मी स्वतः, भिंग लावून, नाकाला पदर लावून बघितलेलं आहे. अशा मुळांना खत घालणं म्हणजे धाप लागलेल्याला पुरणपोळी वाढणं. आणि आमच्याकडे धाप लागलेल्यालाही "अर्धी तरी घ्या" म्हणतातच.

म्हणून नातवाच्या माशांच्या पेटीतला पंप आणला. तो खोक्यात बुडबुडे सोडी आणि रात्री गॅलरीला लागून असलेल्या खोलीत घरघरे. हे स्वतः घोरतात, तरी त्यांना पंपाने झोप लागेना. मी झोपले की ते उठून बटण बंद करत, मी पाण्याला उठले की चालू करी, ते बाथरूमला उठले की पुन्हा बंद. आमच्या वयात दोघंही रात्री बरेचदा उठत असल्यामुळे मुळांना निदान आळीपाळीने श्वास मिळाला. पाणी थंड राहावं म्हणून फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवल्या. त्यासाठी मटार, खवा आणि नातवाचं आइस्क्रीम बाहेर आलं. खवा खराब झाला, मटारांचं त्याच दिवशी काहीतरी करावं लागलं, आणि नातू आता फोनवर आधी विचारतो, "आजी, फ्रीजरमध्ये कोण आहे?"

शेवटी मला क्रॅट्कींचा शोध लागला. हवाई विद्यापीठाचे बर्नार्ड क्रॅट्की. त्यांची पद्धत इतकी सुंदर आहे की मी ती दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. ना पंप, ना वीज. खोक्यात खताचं पाणी एकदाच भरायचं. वर रोप बसवायचं. रोप वाढेल तसं पाणी पीत जाईल, पातळी खाली जाईल, आणि मोकळ्या झालेल्या ओलसर जागेत वरची मुळं हवा घेतील, खालची पाणी पितील. मधल्या काळात काय करायचं? काहीही नाही. मुख्य म्हणजे खोका पुन्हा काठोकाठ भरायचा नाही, नाहीतर हवेची सवय लागलेली मुळं बुडून मरतील.

ही पद्धत हवाईत चालते, हे मी समजू शकते. बेटावर माणसं लांब लांब राहत असतील.

मी झाकणावर कागद चिकटवला: "पाणी घालू नये." पहिल्या दिवशी सासूबाईंनी तो वाचला आणि मला हाक मारली. "अगं, निवडुंग आहे का हा?"

"नाही आई, लेट्यूस."

"मग तहानलेल्याला पाणी घालू नये अशी पाटी? कुणी वाचली तर काय म्हणेल?"

मी त्यांना मुळं दाखवली. वरची केसाळ, पांढरी. खालची लांब, पाण्यात सोडलेली. त्यांनी ऐकून घेतलं. दुपारी मी जरा पडले आणि उठून बघते तर खोका काठोकाठ. "अर्धाच राहिला होता गं," त्या म्हणाल्या, "बघवेना." मी उपसून पातळी खाली आणली. संध्याकाळी मावशी फरशी पुसायला आल्या आणि बादलीतलं, सुदैवाने फिनेलच्या आधीचं, पाणी घालून गेल्या. रात्री यांनी. "तू विसरलीस वाटलं." शेजारच्या फ्लॅटमधल्या काकू आमच्या गॅलरीला गॅलरी लावून राहतात, त्यांनी तर पलीकडून पाइप सोडला आणि वर सांगितलं, "तुमच्या लक्षात नव्हतं, मी रोज घालतेय हो. आभार कसले मानता?" मी मानलेच नव्हते.

सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या बाजूला यान व्हॅन हेल्मोंट नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांनी दोनशे पौंड कोरडी माती तोलून कुंडीत भरली, पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड 169 पौंडांवर गेलं आणि माती जेमतेम दोन औंस घटली. झाड सगळं पाण्यातूनच बनतं, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तो चुकला, हवेतला कार्बन त्यांना ठाऊक नव्हता, आणि ते दोन औंसच तर आज पाकिटांत भरून विकतात. पण मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो तो वेगळ्याच कारणाने. पाच वर्षं त्या कुंडीत कुणी काही घातलं नाही! त्यांनी कुंडीवर भोकं पाडलेला लोखंडी पत्रा बसवला होता, धूळ पडू नये म्हणून. धूळ म्हणे. घरात कोण कोण राहत होतं ते कळायला हवं.

मधल्या काळात कोवळी पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. जुनी पानं पिवळी पडली असती तर नत्र म्हणता आलं असतं, कारण नत्र झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं. लोह तसं हलत नाही. सासूबाईंनी निदान माझ्याआधी केलं. "लोखंड कमी आहे," म्हणाल्या आणि गंजलेले चार खिळे आणि जुन्या अडकित्त्याचं एक पातं खोक्यात सोडलं. गंज पाण्यात विरघळत नाही, मुळांना तो घेता येत नाही, त्यासाठी लोह चिलेट करून द्यावं लागतं, असं मी सांगू लागले. "माझी आई लोखंडी कढईतच सगळं करायची," त्यांनी विषय संपवला. खरी गोम पीएचची होती. तो वर गेला की पाण्यात लोह असूनही झाडाला मिळेनासं होतं. तो उतरवायला यांनी लिंबू पिळलं. आकडा झकास उतरला, यांनी मला बोलावून दाखवला. जिवाणूंनी लिंबाचं आम्ल खाऊन टाकल्यावर दोन दिवसांनी होता तिथे आला. घरात सरबताला लिंबं उरली नाहीत तेवढी.

मग आतल्या पानांच्या कडा करपल्या. याला टिपबर्न म्हणतात, आणि पुस्तकात कारण लिहिलंय कॅल्शियमची कमतरता. एवढं एक वाक्य सोसायटीत फुटलं आणि माझ्या खोक्यावर दानशूरांची रीघ लागली. कुणी अंड्याची टरफलं आणली (सासूबाई घरात असताना!), कुणी पानाचा चुना, यांनी आपल्या हाडांच्या गोळ्यांतली एक. वस्तुतः पाण्यात कॅल्शियम भरपूर होतं. ते पानात चढतं ते पानातून पाणी उडतं त्या ओढीने, आणि गड्ड्याच्या आत मिटून बसलेल्या कोवळ्या पानांतून पाणी उडतच नाही. त्यांना कॅल्शियम नको असतं, वारा हवा असतो. म्हणून मी घरातला एकुलता एक टेबलफॅन गॅलरीत नेला.

"मी इथे घामाने निथळतोय," हे म्हणाले.

"तुमच्या कडा करपल्यात का?"

त्यावर ते आरशासमोर जाऊन खरंच बघून आले.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा नैसर्गिक शेतीवर विश्वास आहे आणि माझ्या पेनावर नाही. "सगळं केमिकल गं," म्हणत त्यांनी एका रविवारी जीवामृत आणलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी ज्याचा प्रसार केला तेच. शेतात ते जिवाणूंचं विरजण म्हणून घालतात, तिथे जमीन आहे, हवा आहे, मैलोगणती मोकळी जागा आहे. बंद थर्माकोलच्या खोक्यात त्याच जिवाणूंनी गूळ-बेसनावर ताव मारला आणि पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजनही संपवला. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं: "ड्रेनेजची तक्रार आलेली आहे. सदस्यांनी आपापले माळे तपासावेत." "माळे" हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला होता.

या सगळ्यातून लेट्यूस वाचला. मला अजून याचं आश्चर्य वाटतं. डिसेंबरच्या थंडीत पाणी आपोआप गार झालं, सासूबाई महिनाभर नणंदेकडे गेल्या, आणि पानं कशी टरारून उठली. पहिली तोडणी झाली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात 2015 च्या ऑगस्टमध्ये अंतराळवीरांनी तिथेच पिकवलेला लाल लेट्यूस पहिल्यांदा खाल्ला, तेव्हा पानं सिट्रिक ॲसिडच्या फडक्याने पुसली, निम्मी खाल्ली आणि निम्मी गोठवून पृथ्वीवर तपासायला राखून ठेवली. आमच्याकडेही निम्मीच खाल्ली. निम्मी ज्यांनी ज्यांनी काही घातलं होतं त्यांना वाटावी लागली. परत आलेल्या सासूबाईंनी उरलेल्याची पीठ पेरून भाजी केली. लेट्यूसमध्ये पंच्याण्णव टक्के पाणी असतं, ते कढईत निघून गेलं आणि सहा बाय तीन फुटांचं पीक पळीभर झालं. "एवढ्यासाठी पंखा?" हे म्हणाले.

पण खरी मौज मार्चमध्ये आली. ऊन तापलं आणि एका आठवड्यात लेट्यूस उंच व्हायला लागला. मधून दांडा निघाला, तो कमरेपर्यंत आला, कंबर सोडून छातीपर्यंत आला. जाणकार याला बोल्टिंग म्हणतात. उष्णता आणि लांबलेला दिवस कळला की झाड पानांचा संसार आवरतं आणि फुलायच्या, बी धरायच्या मागे लागतं. देठ मोडला तर पांढरा चीक येतो आणि पानं कडूजहर होतात. खाण्याच्या दृष्टीने सगळं संपलेलं असतं. मी दुःखी झाले. बाकी सगळ्यांना आनंद झाला.

"बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या, "खिळ्यांनी अंग धरलं."

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या, दांड्याकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "जीवामृताला वेळ लागतो गं, पण मुळापासून काम करतं." शेजारच्या काकूंनी पलीकडून पाइप दाखवला. यांनी काही न बोलता हाडांच्या गोळ्यांची बाटली टेबलावर आणून ठेवली. मावशींनी तर दांड्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

उंचीपुढे कुणाचं काही चालत नाही. 1930 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिक यांनी माती न वापरता पंचवीस फुटी टोमॅटो वाढवले, शिडीवर चढून ते तोडले, आणि सगळी अमेरिका वेडी झाली. त्याच विद्यापीठातल्या हॉगलंड आणि अर्नन यांनी मग शांतपणे मोजमापं घेतली आणि 1938 मध्ये पत्रिका काढून सांगितलं की चांगल्या मातीतही एवढंच येतं. त्यांचं द्रावण आजही प्रयोगशाळांत वापरतात, तरी लोकांना शिडीच आवडते. माझ्या पीएचच्या तक्त्याकडे आजवर कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. दांड्याखाली मात्र पायरीपायरीने माणसं येऊन उभी राहत होती. पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "तब्येत सुधारली वाटतं."

मी भाऊजींना व्हिडिओ कॉल लावला. आता तरी कुणीतरी जाणकार माणूस खरं बोलेल म्हणून. त्यांनी दांडा बघितला, वरच्या पिवळ्या कळ्या बघितल्या.

"वैनी, खाली दावा."

मी झाकण उचलून फोन आत धरला.

"हाय की पांढरी मुळी!" ते ओरडले. मागून कुणाला तरी हाक मारून त्यांनी बोलावलं, स्क्रीनवर आणखी दोन चेहरे आले. "ह्युमिकची आहे ही. तवा किती घाबरला होता तुमी!"

"भाऊजी, पण हे संपलं आता. फुलावर आलंय. पानं कडू झालीत."

"संपलं कुठं? बी धरू द्या. बी चांगलं भरलं तर पुढच्या थंडीला सगळी बिल्डिंग लावंल. फक्त आत्ता उपाशी ठेवू नका त्याला, आत्ताच खरी भूक असती. शून्य-शून्य-पन्नास सोडा, दाणा टंच भरतो."

मी गॅलरीतून आत बघितलं. हे टेबलावर पेन्सिल आणि कागद घेऊन बसले होते आणि गोणीचा भाव किलोवर काढत होते.

"भाऊजी," मी विचारलं, "लिटरला किती?"